गायरानातले लाल त्रिकोण

अण्णा अंगणात उकिडवे बसून डालड्याच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापत होते. पत्र्याची कात्री नव्हती. लोहाराकडून आणलेल्या छिन्नीनं दगडावर ठोकून ठोकून ते एकेक तुकडा वेगळा करत, त्याच्या कडा घासत आणि माझ्या हातात देत. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ कुणाच्या तरी घरून आणला होता. तो फासून मी तुकडे उन्हात ठेवत होते. तिन्ही बाजू सारख्या, बोटांनी मोजलेल्या.

"ओ, त्यो डबा मी पिठाला ठेवलता," चुलीपुढून माय म्हणाली.

"दुसरा आणू."

"आन् ह्ये काय करायलात?"

"त्रिकोण."

"त्ये दिसायलंय मला. कशाला?"

"गायरानात लावायला."

माय हात पुसत बाहेर आली. वाळत पडलेले पंधरा-वीस लाल त्रिकोण बघून तिनं पदर तोंडाला लावला. "दवाखान्याच्या भिंतीवरचा हाय की ह्यो. लोक म्हनतील, लंकेहून येऊन मुंजाजी कुटुंबनियोजनाला लागला."

अण्णाही हसले. त्या वर्षात ते फार वेळा हसले नाहीत, म्हणून ते लक्षात राहिलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील मुंजाजी खिल्लारे, फौजेत सॅपर होते. पूल बांधणारे, रस्ते करणारे आणि जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढणारे जवान म्हणजे सॅपर. नोकरीची शेवटची अडीच वर्षं त्यांनी श्रीलंकेत काढली. त्या फौजेला शांतिसेना म्हणत. "शांतीला सेना कशाला लागती, ते विचार," असं मायनं मला पत्रात लिहायला लावलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. ज्यांना वाचवायला म्हणून फौज गेली, त्यांच्याशीच लढून, हजारावर माणसं तिथं गमावून ती नव्वद सालच्या मार्चमध्ये परत आली. ती मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा त्या राज्याच्या सरकारनं तिचं स्वागत करायचं नाकारलं. अण्णा पेन्शन घेऊन आमच्या परभणीकडच्या गावी आले, तेव्हा स्टँडवर मी आणि प्रल्हादकाका असे दोघंच होतो. पानटपरीवरून कुणीतरी म्हणालं, "मुंजा, लंका जाळून आलास म्हनं. शेपूट दाखीव की." अण्णांनी ट्रंक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चालू लागले.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष होतं. सगळ्या जिल्ह्यात वातावरण तापलेलं होतं. कुठं पुतळ्यावरून, कुठं कमानीवरच्या नावावरून, कुठं नुसत्या निळ्या झेंड्यावरून. आमच्याकडे ते गायरानावरून होतं. गायरान म्हणजे गावच्या जनावरांना चरायला ठेवलेली सरकारी जमीन. आमच्या वस्तीतल्या नऊ भूमिहीन घरांनी त्यातली अकरा एकर पड मोडली होती. तलाठ्यानं येऊन पंचनाम्यात उभं पीक लिहिलं, की जमीन पुढंमागं नावावर होते, असं शहरातून येणारे कार्यकर्ते सांगत. त्याआधीची दोन वर्षं काकांनी पेरून पाहिलं. दोन्ही वर्षी तलाठी यायच्या आत, एखाद्या दुपारी, गावची जनावरं आत सोडली गेली. यंदा हरभरा पेरला होता. तो पंचनाम्यापर्यंत उभा राहायला हवा होता, बस्स. नऊ घरांना दुसरं काही नको होतं.

त्रिकोण वाळत असताना प्रल्हादकाका आले. अण्णांचे धाकटे भाऊ. दहावी नापास, पण वस्तीत भाषण त्यांच्याशिवाय होत नसे.

"दादा, पत्र्यानं काय होतंय?" ते खाली बसून हलक्या आवाजात म्हणाले. "खरं पुरा की. तुमाला येतंय. दोन पुरले तरी बास. एक बैल उडाला की गाव सरळ होतंय."

"बैलामागं गुराखी असतो."

"असू द्या."

अण्णांनी छिन्नी खाली ठेवली. "प्रल्हाद, आता बोललास ते बोललास. परत माझ्या अंगणात बोलायचं नाही."

"तिकडं लोकाच्या लढाईत पुरलंच असंल की. आपल्या लढाईत तेवढा हात आखडता."

"तिकडं मी काढायचो. पुरायचो नाही."

काकांनी एक त्रिकोण उचलून आपल्या छातीवर धरला आणि मला डोळा मारला. "इशे, कसा दिसतो? हम दो, हमारे दो."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी अकरा एकराला खुंट ठोकले, कंबरेच्या उंचीवर तार ओढली आणि दर पन्नास पावलांवर एक लाल त्रिकोण, टोक खाली करून, लटकवला. गाव आधी हसलं. मायचा विनोद गावानंही केला, दोनदोनदा केला. मग गावातला एक जण, जो मिलिटरीच्या कँटीनला कामाला होता, सुट्टीवर आला. तो तारेजवळ गेला, थांबला, आणि मागं सरकून म्हणाला, "अरे, हे सुरुंगाच्या शेताचं निशाण आहे." त्या दिवसापासून कुणी हसलं नाही.

अण्णा कुणाशी खोटं बोलले नाहीत, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. ठाण्याचे जमादार फटफटीवर आले, तेव्हा मी तिथंच होते.

"खिल्लारे, काय पुरलंय आत?"

"काही नाही, साहेब."

"खरं सांगा."

"खरंच काही नाही. जाऊन बघा ना." अण्णांनी तार वर उचलून धरली.

जमादारांनी तारेखालून आत पाहिलं, मग अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. "बघतो नंतर," म्हणाले. वस्तीत येऊन चहा प्यायले आणि गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की जमादाराची सुद्धा छाती झाली नाही.

ससे आत पळताना दिसत, कुत्री जात. कुणी शंका काढली, की काका मिशीवर हात फिरवून म्हणत, "माणसाच्या वजनाला बसवलंय ते. सश्याला काय होतंय?"

आत काही नाही हे आम्हा चौघांनाच माहीत होतं. वस्तीतल्या बायकाही तारेच्या आत येईनात, म्हणून खुरपायला अण्णा आणि मी जात असू. अण्णा वाकडीतिकडी वाट धरत. मी मागे.

"माझ्या पावलावर पाऊल ठेव," ते म्हणत.

"पण अण्णा, काहीच तर नाही ना आत?"

"नाही. पण चालायचं असंच."

लोकांनी बघावं म्हणून हे चाललंय, असं मला वाटे. मला तो खेळ फार आवडत असे. त्यांच्या एका पावलात माझी दोन मावत. चालताना मी बांधावरच्या लोकांकडे चोरून बघत असे, ते बघतात ना, म्हणून.

पौष महिना लागला. हरभरा घाट्यावर आला. तलाठ्याचा निरोप आला, की गुरुवारी येतो.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला गावाच्या बाजूनं ओरडा ऐकू आला. आम्ही बाहेर पडेपर्यंत बाबाराव नाना वस्तीत शिरले होते. गायरानाला लागून त्यांचं शेत होतं. जनावरं सोडणारांत त्यांचं नाव पहिलं घेतलं जाई. ते आमच्या वस्तीत आलेले मी कधी पाहिले नव्हते. डोक्याला फेटा नव्हता, पायात वहाण नव्हती.

"मुंजाजी," ते म्हणाले, "सोनी आत गेली."

सोनी म्हणजे त्यांची नात. पाच वर्षांची. ढाळ्याच्या, म्हणजे हिरव्या हरभऱ्याच्या लोभानं ती तारेखालून शिरली होती. मूठभर घाटे खात खात बरीच आत गेली, आणि बांधावरून तिच्या आईनं, कावेरीनं, किंकाळी फोडली. लेकरू जागच्या जागी थिजलं.

"काढ तिला," नाना म्हणाले. त्यांनी हात जोडले. "तेवढं काढ. जमिनीचं मग बघू. मी गावाला सांगतो."

काकांनी अण्णांच्या कानाशी तोंड नेलं. मी मधेच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. "दादा, आधी चार लोकांत म्हनू द्या त्याला."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं नुसतं.

"बरं, ऱ्हाऊ द्या. पन सावकाश जा. समद्यांला बघू द्या."

अण्णांनी खुंटीवरून सदरा काढून घातला, गुंड्या लावल्या आणि सायकलच्या चाकाची एक तार हातात घेतली.

गायरानाच्या चारी बाजूंनी माणसं जमली होती. गाव एका बांधावर, वस्ती दुसऱ्या. मधे अकरा एकर हिरवा हरभरा, आणि त्यात लाल परकर घातलेली सोनी. कावेरीला दोन बायकांनी धरून ठेवलं होतं. अण्णांनी कुंपणाची तार उचलली, आत गेले आणि पोटावर आडवे झाले.

आमची रोजची वाट त्यांनी घेतली नाही. ती सोनीकडे जात नव्हती. त्यांनी सरळ रेघ धरली. सायकलची तार तिरकी धरून मातीत हलकेच खुपसायची, काढायची, दोन बोटं सरकून पुन्हा खुपसायची. हातभर जागा अशी टोचून झाली, की मग अंग पुढं ओढायचं. हरभऱ्याचं झाड मधे आलं, तर ते न हलवता त्याच्या बुडाशी टोचायचं.

"काय करतोय बघ माणूस," काका माझ्याजवळ उभे राहून पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "खरंच वाटायलंय की गं. आता दहा वर्षं कुनी पाय ठेवत न्हाई."

मीसुद्धा हसू दाबत होते. मला अभिमान वाटत होता. एवढ्या सगळ्या लोकांना आमचे अण्णा एकटे फसवत होते.

ऊन चढलं. सोनी आधी रडली, मग बसली, मग पुन्हा उभी राहिली. ती बसली की गावाकडून ओरडा होई, "बसू नगं, हलू नगं," आणि दोन्ही एकदम ऐकून ती पुन्हा रडे. अण्णा निम्म्यावर आले होते. सदरा पाठीला चिकटला होता. पौषातल्या गार वाऱ्यात आम्ही अंगावर पदर-शाली ओढून उभे होतो आणि त्यांच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं.

बांधाबांधानं मी त्यांना समांतर चालत गेले. सोनी जिथं उभी होती तिथून आमचा बांध जवळ होता. तिथून मला त्यांचा चेहरा दिसला. ओठ हलत होते. ते सोनीकडे बघून तेच तेच काहीतरी म्हणत होते, लेकराला थोपटताना म्हणतात तशा आवाजात. "ओण्णुमिल्ल, ओण्णुमिल्ल." मला वाटलं, तोंड वाळल्यामुळे शब्द नीट फुटत नाहीत.

सोनी त्यांच्यापासून सात-आठ हातांवर होती. तिनं हात पुढं केले. "घ्या," म्हणाली.

"हलू नको," अण्णा म्हणाले. हे मराठीत म्हणाले.

तेवढ्यात सायकलची तार कशाला तरी लागली. टक् असा आवाज झाला असेल. मला तो ऐकू आला नाही, पण त्यांना आलेला मी पाहिला. ते थांबले. नुसते थांबले नाहीत, त्यांच्या अंगातलं सगळंच थांबलं. मग त्यांनी तार बाजूला ठेवली आणि बोटांनी माती उकरायला सुरुवात केली. एकेक कण. उजवं मनगट त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरलं होतं. मातीतून दगड वर आला. साधा, काळा, मुठीएवढा दगड. आमच्या रानात पावलापावलाला असतो तसा. त्यांनी तो पाहिला. तरी ते त्याच्याभोवतीची माती काढतच राहिले.

तेव्हा मला कळलं की हे सोंग नाही.

मी काकांकडे वळून पाहिलं. ते लांब होते, अजून हसत होते. मायकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते. किती वेळ गेला कोण जाणे. अण्णांचं कपाळ त्या दगडाला टेकलं होतं आणि ते पुढंही येत नव्हते, मागंही जात नव्हते. माझ्या वडलांना असं जमिनीला खिळलेलं सगळं गाव बघत होतं, आणि त्यांना सोडवणारं एक वाक्य माझ्याजवळ होतं.

मी तारेखालून आत शिरले आणि ओरडले, "अण्णा, उठा. काही नाही इथं. सोने, काही नाही गं, पळत जा त्यांच्याकडं."

सोनी पळाली.

अण्णांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि तोंड मातीत खुपसलं. सोनी हरभऱ्यातून धावत आली, त्यांच्या पाठीवर पडली आणि गळ्याला मिठी मारून तिथंच बसली.

काही झालं नाही.

मग गावाच्या बांधावर कुणीतरी हसलं. पहिलं हसू सुटकेचं असावं, मी आज असं समजते. पण ते पसरत गेलं आणि पसरताना बदललं. कुणीतरी टाळी वाजवली. "उठ रे लंकेच्या मारुती, उठ." माणसं तारेखालून आत येऊ लागली. आधी एक, मग पाच, मग सगळी. कावेरीनं सोनीला अण्णांच्या पाठीवरून उचललं. नाना तिच्या मागोमाग आले होते. त्यांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि लोकांकडे बघून मिटलं.

अण्णा उठून बसले, तेव्हा भोवतालचा हरभरा तुडवला गेला होता. त्यांच्या कपाळाला माती होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. मार बसेल असं वाटत होतं. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि उठले.

"बरं केलंस," म्हणाले.

आम्ही घराकडे निघालो. सवयीनं मी त्यांच्या पावलांत पावलं टाकू लागले. ते थांबले. "मागं नको. बाजूनं चाल."

जनावरं त्याच दुपारी आत आली. कुणी सोडली ते कुणी पाहिलं नाही, पण नानांच्या बैलांच्या घुंगुरमाळा सगळ्या वस्तीला ओळखू येत. काका आणि बाकीची माणसं काठ्या घेऊन धावली. दोघांची डोकी फुटली. संध्याकाळपर्यंत अकरा एकरात दावणीला टाकावं एवढंही राहिलं नाही. तलाठी गुरुवारी आला, ठरल्याप्रमाणे. त्यानं कागदावर काय लिहिलं ते काकांनी वाचून दाखवलं: पीक नाही, चराई चालू.

त्या रात्री काका डोक्याला पट्टी बांधून आमच्या दारात आले. आत आले नाहीत. "इशे," ते मला म्हणाले, "नऊ घरांचं तोंडचं काढलंस तू."

"तिला काही म्हणायचं नाही," आतून अण्णा म्हणाले.

"मग कुनाला म्हनू? तुमाला? तुमाला म्हाईत हुतं ना आत काय न्हाई ते? मग भ्यालात कशाला, दादा? रिकाम्या रानात भ्यालात कशाला?"

काका पंधरा दिवसांनी बायकोमुलांसह पुण्याला बांधकामावर गेले. त्यांच्यामागून आणखी तीन घरं गेली. दोघं भाऊ पुन्हा एकमेकांशी बोलले ते थेट आजीच्या मयतीला, आणि तेही लाकडांविषयी.

आम्ही परभणीला आलो. अण्णा एका जिनिंगच्या फाटकावर पहारेकरी होते, एकवीस वर्षं. मी शिकले, कॉलेजात शिकवू लागले. त्या युद्धावर जे जे छापलेलं मिळालं ते वाचलं. जनरलांच्या आठवणी, अहवाल, तिकडच्या लोकांनी लिहिलेलं. कुणी ते युद्ध करायला नको होतं म्हणालं, कुणी जास्त करायला हवं होतं म्हणालं. अण्णांना मी एकदाही विचारलं नाही. मला वाटे, विचारलं तर आधी मला माझ्या ओरडण्याबद्दल बोलावं लागेल. आणि "बरं केलंस" हे ते रागानं म्हणाले की मनापासून, हे मला कळून घ्यायचं नव्हतं. ते गेल्या थंडीत गेले. झोपेत. विचारायचं राहिलं.

त्यांच्या जलदानविधीच्या दिवशी, भन्तेजींचं सूत्रपठण संपून माणसं जेवायला बसली होती, तेव्हा रिक्षातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. काळे, उंच, हातात काठी. वेल्लोरहून दोन गाड्या बदलून आले होते. षण्मुगम त्यांचं नाव. लंकेत ते अण्णांच्या तुकडीला दुभाषी म्हणून जोडलेले होते. मायला त्यांनी वाकून नमस्कार केला, फोटोला फूल वाहिलं, आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसले. फौजेतली मोडकी हिंदी बोलत होते.

"दर पोंगलला मला कार्ड टाकायचा," ते म्हणाले. "यंदा आलं नाही. तेव्हाच समजलो."

मला हे माहीत नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं. मग इतकी वर्षं कुठल्या तमिळ माणसाला विचारायचा धीर झाला नव्हता, ते विचारलं. "ओण्णुमिल्ल म्हणजे काय हो?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "कुछ नहीं," म्हणाले. "इथं काही नाही. मीच शिकवलं त्याला. कामाचा शब्द होता. जमीन साफ झाली की लोकांना सांगायला."

जेवणाच्या पंक्तीतून भाताची परात गेली. ते थांबले, आणि ती पुढं गेल्यावर म्हणाले, "वाव्हुनियाच्या पलीकडं एक गाव होतं. त्यांची विहीर बाहेर होती, आणि वाटेत सुरुंग पेरलेले होते. बायका चार दिवस पाण्यावाचून बसलेल्या. मुंजाजीनं ती वाट साफ केली. पोटावर, तीन तास. एकही जागा सोडली नाही, मी बघत होतो. पण तिथं लाकडाच्या पेटीतले असत. धातू हुडकणाऱ्या यंत्राला लाकूड ऐकू येत नाही. आणि ओल्या मातीत तारेलाही कधी कधी नाही." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "तो उठून उभा राहिला. हसला. बायकांना हाक मारली, ओण्णुमिल्ल, वांगो. काही नाही, या. सगळ्यांत पुढं एक होती, कडेवर मुलगी घेतलेली. मुलगी चार-पाच वर्षांची. मुलीला मुंजाजी ओळखीचा झाला होता, चार दिवस बिस्किटं देत होता. ती आईच्या कडेवरून उतरली आणि त्याच्याकडे पळाली."

समोर माय बसली होती. तिला हिंदी फारशी येत नाही. पण ती आमच्याकडेच बघत होती. तिला हे सगळं आधीपासून माहीत असावं, असं मला तिच्या डोळ्यांवरून वाटलं.

"त्यानंतर तो शब्द त्यानं टाकला," षण्मुगम म्हणाले. "जमीन साफ झाली की नुसता बाजूला उभा राहायचा. लोकांना सांगायचं काम माझ्यावर. मी म्हणायचो, मुंजाजी, एकदा बोल, बोललास की सुटेल. नाही बोलला." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "घरी कधी म्हणाला का?"

"एकदा," मी म्हणाले. "पण तिथं कुणालाच ती भाषा येत नव्हती."